हसू आणि हसे

गेल्या हिवाळ्यातील एका सायंकाळची गोष्ट. वसतिगृहामागच्या पटांगणात लोखंडी खांबाला जे कडे लावले आहे, त्याखाली मुलांचे रिंगण जमले होते. रिंगणाच्या मध्यभागी एटापल्लीकडचा, नववीतला एक विद्यार्थी बास्केटबॉल एका बोटावर गरगर फिरवीत होता. मग तो चेंडू त्याच्या दंडावरून खांद्यावर, खांद्यावरून दुसऱ्या दंडावर उतरला. त्याने तो मोठ्या अदबीने स्वयंपाकघरातल्या मावशींपुढे धरला. त्यांनी हात पुढे करताच चेंडू मुलाच्या पाठीमागे गेला आणि मावशींच्या हाती वारा राहिला. मावशींसह सगळे पटांगण हसले. हे सारे तो सुटीत थोरल्या भावाच्या मोबाईलवर पाहून शिकला होता. इतक्यात आमचे एक सहकारी तेथे आले आणि म्हणाले, "ही शाळा आहे, सर्कस नव्हे." रिंगण मोडले. मुलाने चेंडू खोलीत नेऊन ठेवला.

सहकाऱ्यांना दोष देण्याचा आम्हांला अधिकार नाही, कारण क्षणभर आधी पोहोचलो असतो तर तेच वाक्य आम्ही उच्चारले असते. तीस वर्षांच्या अध्यापनात ते आम्ही अनेकदा उच्चारले आहे. परंतु त्या सायंकाळी ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना कानाला खटकले. इतिहासाच्या विद्यार्थ्याला एखादे वाक्य खटकले, की तो त्याचे मूळ शोधू लागतो. या स्मरणिकेच्या निमित्ताने तोच शोध माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधवांपुढे ठेवीत आहोत.

त्या मुलाने मोबाईलवर जे पाहिले, त्यामागे जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास आहे. अमेरिकेतील शिकागो शहराच्या दक्षिण भागात, जेथे कृष्णवर्णीयांची दाट वस्ती होती, तेथे १९२० च्या दशकात कृष्णवर्णीय तरुणांचा एक बास्केटबॉल संघ उभा राहिला. एब सॅपरस्टीन या संयोजकाने तो गावोगाव फिरविण्यास आरंभ केला. पुढे तो 'हार्लेम ग्लोबट्रॉटर्स' या नावाने जगप्रसिद्ध झाला. गंमत अशी, की न्यूयॉर्कमधील हार्लेमशी या संघाचा काहीही संबंध नव्हता. संघ कृष्णवर्णीयांचा आहे हे जाहिरातीतूनच कळावे म्हणून ते नाव घेतले गेले. प्रत्यक्ष हार्लेममध्ये हा संघ प्रथम खेळला तो १९६८ साली! बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, ते याच हार्लेमच्या सीमेलगत आहे. आणि १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्याचा उल्लेख केला होता, हे आपल्या वाचकांना ठाऊक असेलच. म्हणून हा इतिहास आपल्याला परका नाही.

हे खेळाडू आरंभी विदूषक नव्हते. ते अव्वल दर्जाचे खेळाडू होते. १९४० साली त्यांनी व्यावसायिक संघांची जागतिक स्पर्धा जिंकली. १९ फेब्रुवारी १९४८ रोजी शिकागोच्या क्रीडागृहात, सुमारे अठरा हजार प्रेक्षकांसमोर, त्यांनी मिनियापोलिस लेकर्स या त्या काळच्या बलाढ्य गोऱ्या संघाला ६१ विरुद्ध ५९ असे, अखेरच्या क्षणाच्या टोल्यावर हरविले. कृष्णवर्णीय खेळाडू गोऱ्यांच्या तोडीचे नाहीत, हा समज त्या एका रात्री कोसळला. १९५० साली नॅशनल बास्केटबॉल असोसिएशनची दारे कृष्णवर्णीयांना उघडली. त्या वर्षी आत गेलेल्या पहिल्या मोजक्या खेळाडूंपैकी नॅट क्लिफ्टन हा याच संघातून न्यूयॉर्कच्या संघात गेला.

मग विनोद कोठून आला? असे सांगतात, की गावोगावच्या संघांवर हे इतकी मोठी आघाडी घेत, की सामन्यात रस उरत नसे. म्हणून आघाडी मिळाली की ते चेंडू बोटावर फिरवीत, पायांतून काढीत, पंचांची नक्कल करीत. म्हणजे त्यांची गंमत सुरू होई ती सामना हातात आल्यावर. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी प्रभुत्व, मग विनोद. ज्याला खेळ येत नाही त्याच्या हातून चेंडू निसटला तर ते हसे. ज्याला खेळ पूर्ण येतो तो चेंडू निसटल्याचे सोंग करतो, तेव्हा ते हसू. मराठीत एका मात्रेचा फरक आहे. समाजाच्या इतिहासात तो फरक काही शतकांचा आहे.

याची दुसरी बाजू झाकून ठेवणे इतिहासाला शोभणार नाही. ज्या शहरात हे खेळाडू हजारो गोऱ्यांना हसवीत, त्याच शहरातील चांगल्या हॉटेलात त्यांना खोली मिळत नसे. १९५१ साली बर्लिनच्या ऑलिंपिक मैदानावर त्यांना पाहण्यास पंचाहत्तर हजार लोक जमले. अमेरिकेचे शासन मात्र अशा दौऱ्यांकडे 'आमच्याकडे वर्णद्वेष नाही' या जाहिरातीच्या दृष्टीने पाहत होते. १९५६ साली बिल रसेल या थोर खेळाडूने या संघात जाण्याचे नाकारले. गोऱ्या प्रेक्षकांपुढे विनोदी सोंग करणे त्याच्या स्वाभिमानाला मानवले नाही. पुढे व्यावसायिक स्पर्धेत तो अजिंक्य ठरला. रसेलचा नकार आम्हांला समजतो. किंबहुना आमच्या पिढीतील प्रत्येक आंबेडकरी शिक्षकाच्या अंतर्यामी एक रसेल बसलेला आहे.

तो का बसला, याचेही कारण आहे. आपल्याकडील तमाशाच्या फडांत अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील कलावंतांचा भरणा मोठा होता. गण, गवळण, बतावणी, वग या क्रमाने रात्र रंगे. सोंगाड्या पाटलाची टर उडवी, सावकाराला चिमटे काढी, आणि पाटील-सावकारही खो खो हसत. पण पहाट झाली, की तोच सोंगाड्या गावकुसाबाहेरच्या आपल्या वस्तीत परते आणि पाणवठा त्याला वर्ज्यच राही. रात्रीचे हसू दिवसाच्या व्यवस्थेला धक्का लावीत नव्हते. म्हणून चळवळ उभी राहिली तेव्हा स्वाभिमानी तरुणांनी त्या रंगमंचाकडे पाठ फिरविली, यात आश्चर्य नाही. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी आपल्या चांद्याच्या भूमीवर हजारोंना धम्मदीक्षा दिली. जुन्या लाचारीच्या कामांबरोबर जुनी सोंगेही आपल्या मागच्या पिढीने त्या वेळी मनातून उतरवून ठेवली.

परंतु येथेच आमच्या पिढीची एक चूक झाली. लाचारीचे हसू टाकताना आपण हसूच टाकले. गांभीर्य म्हणजे स्वाभिमान, असे समीकरण मांडले. वास्तविक चळवळीने तसे शिकविले नव्हते. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले, तेव्हा त्यांनी तमाशाचा साचा फेकून दिला नाही. त्यातील आशय बदलला. बतावणीतील थट्टा अंधश्रद्धेवर, अस्पृश्यतेवर, दारूवर वळविली. शाळेचे तोंड न पाहिलेल्या माणसालाही बाबासाहेबांचा विचार कळला, तो अशा जलशांतून. ज्याला भाषण जड वाटे, तो जलशाला येऊन हसे आणि हसता हसता विचार घेऊन घरी जाई. म्हणजे प्रश्न हसण्याचा नव्हताच. कोण हसवतो, कोणाला हसतो आणि सकाळी काय बदलते, हा खरा प्रश्न होता.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास शिकागोला जाण्याची गरज नाही. ते आपल्या वैनगंगेच्या खोऱ्यातच आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा आपला झाडीचा मुलूख. धान घरात आले, दिवाळी सरली, की वडसा येथील नाट्यमंडळ्यांची धावपळ सुरू होते. गावोगाव मंडई, दिवसा शंकरपट आणि रात्री नाटक. दंडार आणि खडी गंमत यांच्या परंपरेतून वाढलेली ही झाडीपट्टी रंगभूमी. मार्कंड्याच्या परिसरातले अबालवृद्ध थंडीत घोंगड्या पांघरून पहाटेपर्यंत ती पाहत बसतात, हे आम्ही नव्याने सांगावे असे नाही. गंभीर नाटकातही एक विनोदी पात्र असावेच लागते. तो रंगमंचावर आला नाही तर प्रेक्षक रुसतात.

याच रंगभूमीवर कुरखेडा तालुक्यातील गुरनोलीचे परशुराम कोमाजी खुणे यांनी आपले आयुष्य वेचले. पाच हजारांहून अधिक प्रयोग आणि सुमारे आठशे भूमिका, असे त्यांच्या कारकिर्दीचे माप सांगितले जाते. लोक त्यांना 'झाडीपट्टीचे दादा कोंडके' म्हणतात. पण ते केवळ हसवून थांबले नाहीत. गावाचे सरपंचपद सांभाळले, रंगमंचावरून व्यसन आणि अंधश्रद्धा यांविरुद्ध बोलले आणि हिंसेच्या वाटेला लागलेल्या तरुणांना परत आणण्याच्या कामात वाटा उचलला. २०२३ साली भारत शासनाने त्यांना पद्मश्री दिली. गडचिरोलीच्या रानातला एक विनोदी नट राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान स्वीकारतो, ही गोष्ट आमच्या वर्गातील मुलांना आम्ही इतिहासाच्या तासाला सांगतो. कारण तोही इतिहासच आहे.

तरुणांनी अशा माणसाचे का ऐकावे? आम्ही दररोज सात तास बोलतो, आमचे का ऐकू नये? यावर आम्ही पुष्कळ विचार केला. आपल्या वसतिगृहात येणारे मूल पहिल्या रात्री काय घेऊन येते? एक पत्र्याची पेटी, एक चादर आणि भय. आपली बोली चुकीची आहे याचे भय, कपड्यांचे भय, आडनाव विचारले जाण्याचे भय. त्या भयावर आम्ही शिस्तीचे भय चढवितो. मूल ऐकते, पण उघडत नाही. जो त्याला हसवितो, तो आधी त्याचे भय काढून घेतो. मग त्याने सांगितलेली गोष्ट आत उतरते. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठविली गेली. कायदा येतो आणि जातो. पण ज्या मुलाने रंगमंचावरच्या दारुड्याला पाहून पोट धरून हसले आणि शेवटी त्याच दारुड्याच्या बायकोला पाहून डोळे पुसले, त्याच्या मनातली बंदी कोणी उठवू शकत नाही.

ग्लोबट्रॉटर्समधील मोठ्या खेळाडूंच्या आयुष्यांतही हेच दिसते. मेडोलार्क लेमन हा १९३२ साली उत्तर कॅरोलायनातील विल्मिंग्टन येथे गरिबीत जन्मला. चित्रपटगृहात या संघाची चित्रफीत पाहून त्याने ठरविले, की आपण हेच व्हायचे. घरी चेंडू नव्हता आणि कडेही नव्हते. कपडे टांगण्याची तार वाकवून, तिला कांद्याची पिशवी लावून त्याने जाळी केली आणि दुधाचा रिकामा डबा हाच चेंडू. पुढे दोन तपे त्याने जगाला हसविले. त्याच्या नावावर सोळा हजारांवर सामने सांगितले जातात. १९८६ साली तो धर्मोपदेशक झाला आणि २०१५ साली निधन होईपर्यंत तरुणांमध्ये काम करीत राहिला. २००३ साली बास्केटबॉलच्या सन्मान-दालनात त्याचे नाव गेले. ते दालन कसलेल्या खेळाडूंचे आहे. विदूषकाला तेथे जागा मिळाली ती खेळावरील प्रभुत्वामुळे. त्याचा सहकारी कर्ली नील, तुळतुळीत डोक्याचा, चेंडू जमिनीला लावून ठेवणारा जादूगार. १९६३ पासून बावीस वर्षांत त्याने सत्त्याण्णव देशांत सहा हजारांवर सामने खेळले. २००८ साली संघाने त्याचा बावीस क्रमांक कायमचा राखून ठेवला. आणि मुलींच्या पालकांनी हेही लक्षात घ्यावे: १९८४ च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या अमेरिकी महिला संघाची कर्णधार लिनेट वुडार्ड १९८५ साली या संघातील पहिली स्त्री खेळाडू झाली.

दुधाचा रिकामा डबा हातात घेतलेला तो विल्मिंग्टनचा मुलगा आणि आमच्या पटांगणातला एटापल्लीचा मुलगा यांत आम्हांला तरी भेद दिसत नाही. भेद होता तो एवढाच, की एकाला कोणी 'सर्कस' म्हणून हाकलले नाही.

येथे आम्हांला आमची स्वतःची एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. आम्ही नोकरीत नवे होतो. आठवीत एक विद्यार्थी होता. नकला करण्यात पटाईत. मुख्याध्यापकांची चाल, आमचे चष्मा सावरणे, बाजारातल्या व्यापाऱ्याचे बोलणे, सारे हुबेहूब. वार्षिक स्नेहसंमेलनाच्या तालमीत त्याने दिलेल्या वाक्यांऐवजी स्वतःची वाक्ये घातली आणि सगळे हसले. आम्हांला ते आमच्या संस्थेच्या ध्येयाला न शोभणारे वाटले. सर्वांसमोर आम्ही त्याला सांगितले, "आपल्या बापजाद्यांनी दुसऱ्यांना पुष्कळ हसवले. बाबासाहेबांनी तुला त्यासाठी शाळेत पाठवलेले नाही." आणि त्याला नाटिकेतून काढले. दिवाळीच्या सुटीला तो घरी गेला, तो परतला नाही. आम्ही हजेरीपटावरून त्याच्या नावावर रेघ ओढली. बाबासाहेबांचे नाव घेऊन आम्ही एका मुलाची शाळा बंद केली, हे समजण्यास आम्हांला पुढची वीस वर्षे लागली.

ते समजले एका नाटकाच्या रात्री. चामोर्शीकडच्या एका गावात नातेवाइकांच्या आग्रहाने बसलो होतो. दुसऱ्या अंकात विनोदी नट आला. त्याने चष्मा सावरला आणि आमच्या छातीत धस्स झाले. सोंग शिक्षकाचे होते. पण त्या सोंगात विष नव्हते. तो शिक्षक विसराळू होता, तापट होता आणि शेवटी पाटलाच्या मुलाआधी मजुराच्या मुलीला पहिल्या बाकावर बसविणारा होता. पहाटे पडद्यामागे गेलो. रंग पुसत तो उठला, पाया पडू लागला, आम्ही अडविले. म्हणाला, "सर, पोराले तुमच्याच शाळेत टाकाचा हाये." थोडे थांबून त्याने विचारले, "सर, गॅदरिंग होते का अजून?"

होते, असे आम्ही म्हणालो. पण ते म्हणताना जीभ अडखळली. कारण आमच्या स्नेहसंमेलनात तेव्हा पाहुण्यांची पाच भाषणे होत आणि मुलांच्या वाट्याला एक समूहगीत येई.

त्याचा मुलगा आज आपल्या शाळेत आहे. म्हणून हा लेख केवळ आठवणींसाठी नाही. काही गोष्टी आम्ही मागत आहोत. स्वतःकडेही मागत आहोत.

पहिली मागणी खेळाच्या तासाची. परीक्षा जवळ आली, की गणित आणि इंग्रजी हा तास गिळून टाकतात. आम्ही स्वतः इतिहासासाठी तो गिळला आहे. यापुढे तो कोणी घेऊ नये. माजी विद्यार्थ्यांनी स्मरणिकेला जाहिरात दिली तशी पटांगणाला एक खरी जाळी आणि चार चांगले चेंडूही द्यावेत. मुलांसाठी दोन, मुलींसाठी दोन.

दुसरी मागणी स्नेहसंमेलनाची. त्यात एक विनोदी नाटिका मुलांनी स्वतः लिहिलेली असावी, आणि ती झाडीबोलीत, माडियात किंवा गोंडीत असण्यास मनाई नसावी. ज्या बोलीची मुलाला लाज वाटते, त्याच बोलीत त्याने सभागृह हसविले, की ती लाज त्या रात्रीच निघून जाते.

तिसरी गोष्ट मर्यादेची. सगळेच हसू पवित्र असते, असे आम्ही म्हणत नाही. झाडीपट्टीतही अलीकडे द्व्यर्थी संवादांवर टाळ्या घेण्याची सोपी वाट धरणारे आहेत. आपल्या रंगमंचाचा नियम साधा असावा: जात, रंग, अपंगत्व, बाईचे शरीर आणि कोणाची मायबोली यांवर हसायचे नाही. सत्तेवर, ढोंगावर, अंधश्रद्धेवर आणि सर्वांत आधी स्वतःवर हसायचे. सम्यक वाणीची शिकवण तोंड बंद ठेवण्याची नाही; जिभेने कोणाला दुखवू नये, ही आहे.

चौथी गोष्ट माणसांची. आपले माजी विद्यार्थी अधिकारी झाले, प्राध्यापक झाले; त्यांना आपण व्यासपीठावर बसवितो आणि ते योग्यच आहे. पण जो नाटकमंडळीत आहे, जो कबड्डीचा पंच आहे, जो लग्नाच्या पंगतीत सूत्रसंचालन करून लोकांना हसवितो, तोही आपलाच विद्यार्थी आहे. वर्षातून एक रात्र त्याला वसतिगृहात बोलवावे. मुलांनी त्याला विचारावे, की हसविण्याचे काम किती कष्टाचे असते आणि त्यावर पोट कसे भरते. तो खरे सांगेल: हंगाम चार महिन्यांचा, उरलेले आठ महिने शेती किंवा मजुरी. हेही मुलांना कळले पाहिजे. स्वप्नाबरोबर हिशेबही शिकविणे शिक्षकाचे काम आहे.

रसेल चुकला नव्हता आणि लेमनही चुकला नव्हता. एकाने ज्या अपमानाला नकार दिला, तो अपमान दुसऱ्याने कौशल्याने उलटविला. समाजाला दोघेही हवे असतात. आमची चूक एवढीच, की आम्ही प्रत्येक मुलाला रसेल करू पाहिले आणि जो लेमन होता त्याला दाराबाहेर घालविले.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी आम्ही एटापल्लीच्या त्या मुलाला बोलावले. तो खाली मान घालून उभा राहिला, शिक्षेच्या तयारीने. आम्ही त्याला म्हणालो, "चेंडू आण आणि बोटावर कसा फिरवतात ते आम्हांला शिकव." त्याने आणला. आमच्या बोटावर तो दोन क्षणही टिकला नाही. घरंगळत थेट विहिरीपर्यंत गेला. पटांगण हसले. त्या हसण्यात आमचा मान कमी झाल्याचे आम्हांला जाणवले नाही. मुलगा धावत जाऊन चेंडू घेऊन आला आणि पहिल्यांदाच वर पाहत म्हणाला, "सर, बोट सरळ ठेवा."

आम्ही अजून शिकतो आहोत.